पाळणा लांबवणं, थांबवणं आणि गावातली सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी २१ वर्षं आरोग्यसेविका होते. गावात मला नर्सबाईच म्हणतात. लसीकरणाच्या दिवशी, पाण्याच्या टाकीजवळ, कधी रात्री दाराची कडी वाजवून बायका जे हळू आवाजात विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. पुरुषांनीही वाचावं, त्यांच्यासाठीही बरंच आहे.

कुटुंबनियोजन म्हणजे ऑपरेशनच ना?

नाही. पण तसं वाटलं यात तुमची चूक नाही. देशाचा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं गावापर्यंत पोचलं ते ऑपरेशनच, तेही बाईचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के.

त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्न कधी झालं तेही विचारलं होतं. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ होता. म्हणजे आमच्याकडची पोर सतराव्या वर्षी सासरी येते, एकविसाव्यापर्यंत पदरात दोन लेकरं, आणि बाविसावं लागलं की ऑपरेशन. पहिलं लेकरू अंगावरून सुटायच्या आत दुसरं पोटात असतं. मधल्या त्या चार-पाच वर्षांत तिला कुणी काही विचारलेलंच नसतं. सेवा वाढवायची म्हणजे ऑपरेशनांचा आकडा वाढवायचा, असं मी मानत नाही. ही मधली वर्षं कुणीतरी सांभाळली पाहिजेत.

मग सरकारी दवाखान्यात फुकट काय काय मिळतं?

निरोध, माला-एन गोळी, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन, तांबी (कॉपर-टी) आणि दोघांपैकी कुणाचंही ऑपरेशन. वेळ चुकली, निरोध फाटला, तर तातडीची गोळीही मिळते. ती ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती रोजच्या वापरासाठी नाही. पाळी चुकली तर दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट आशाताईकडे असतं. या सगळ्यांत फक्त निरोधच लैंगिक आजारांपासून आणि एचआयव्हीपासूनही वाचवतो, हे पुरुषांनी ध्यानात ठेवावं.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गाव बंद. तिकडे काय करायचं?

हा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेते, कारण आमच्या भागात सेवा तुटते ती इथेच.

दसरा झाला की टोळ्या निघतात, पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. बाई पहाटेच्या अंधारात फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहते, आणि कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, आल्यावर चूल पेटवते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा बाईला "मंगळवारी दवाखान्यात या" सांगून भागत नाही. जी तयारी करायची ती गाव सोडायच्या आधी.

छाया गोळी घ्यायची असेल तर हिशोब असा: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. नव्याने सुरू करणारीला सहा महिन्यांत साधारण ३९ गोळ्या लागतात. एका पट्टीत आठ असतात, म्हणजे पाच पट्ट्या बरोबर न्यायच्या. तीन महिने आधीच झालेले असतील तर चार पट्ट्यांत सीझन निघतो. गोळीचे दिवस ठरलेले हवेत. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि पुढे फक्त रविवारी.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी लागतं. घटस्थापनेच्या सुमारास घेतलं तर पुढचं पौषात येतं, म्हणजे तुम्ही फडातच असता. अंतराचं कार्ड जपून न्या, कारखान्याजवळच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत चालतं, त्यामुळे टोळी एका थळावरून (मुक्कामावरून) दुसऱ्या थळावर हलली तरी घाबरायचं कारण नाही.

तांबी बसवायची असेल तर श्रावणात बसवा. सहा आठवड्यांनी एकदा दाखवायचं असतं, ते गावात असतानाच होऊन जातं.

एका वर्षी पाराजवळ ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, वर बांधलेली शेळी. एक पोर कडेवर दहा महिन्यांचं लेकरू घेऊन पळत उपकेंद्रात आली. मुकादम तिकडून हॉर्न वाजवत होता. मी पाच पट्ट्या मोजून हातात दिल्या. तिने त्या कपड्यांच्या पेटीत टाकल्या नाहीत, मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीखाली ठेवल्या. म्हणाली, "ह्यो डबा रोज उघडावाच लागतो बाई, इसरायची न्हाई." पाडव्यानंतर तिने मोकळ्या पट्ट्या आणून दाखवल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला विचारते, तुझ्या घरातली रोज उघडायची वस्तू कोणती?

ऑपरेशन थंडीतच करावं म्हणतात. उन्हाळ्यात जखम चिघळते का?

नाही. जखम चिघळते ती हत्यारं नीट निर्जंतुक केली नसतील तर, किंवा घरी जखमेची काळजी घेतली नाही तर. वरचं हवामान कारण नव्हे.

या समजुतीने आमच्या भागाचं फार नुकसान केलं आहे. बायका पौष-माघाची वाट बघत बसतात, दवाखानेही त्याच दिवसांत जास्त तारखा लावतात, आणि नेमके त्याच दिवसांत निम्म्या गावाला कुलूप असतं. ऊसतोडीची बाई परत येते तेव्हा "आता उन्हाळा लागला, पुढच्या थंडीत बघू." पुढच्या थंडीत ती पुन्हा फडात. अशी तीन-तीन वर्षं गेलेल्या बायका मी बघितल्या आहेत, आणि मध्ये एक नको असलेलं बाळंतपण झालेलं. माझी तालुक्याकडे हीच मागणी होती आणि आहे: चैत्र ते आषाढ ऑपरेशनचे ठरलेले दिवस वाढवा. फक्त ऊसतोडीला निघायच्या तोंडावर करू नका. त्यानंतर दोन आठवडे जड उचलायचं नसतं, आणि फडात मोळी चुकत नाही.

तांबी वर चढते, पोटात फिरते, काळजापर्यंत जाते म्हणतात.

गर्भाशयाची पिशवी ही बंद पिशवी आहे, तिच्यातून काळजाकडे रस्ता नाही. तांबी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, बोटाच्या दोन पेरांएवढी लहान असते. एक प्रकार १० वर्षं चालतो, एक ५ वर्षं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ४८ तासांच्या आत तिथेच बसवता येते, वेगळी खेप पडत नाही. क्वचित ती आपोआप निघून पडते, म्हणून पाळीनंतर दोरा हाताला लागतो का ते बघायला शिकवतात. पहिले तीन महिने अंगावरून जरा जास्त जातं. ज्या बाईचं रक्त आधीच कमी आहे तिला मी तांबीऐवजी छाया किंवा अंतराचा विचार करायला सांगते. ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं पाणी जाणं असलं काही झालं तर थांबू नका, दाखवा.

आणि काढायची असेल तर मुदत संपायची वाट बघायची नाही. "दहा वर्षांची आहे, आता काढता येणार नाही" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. तुमच्या मनात आलं, त्या दिवशी काढून मिळाली पाहिजे.

अंतरा घेतल्यापासून पाळीच येत नाही. रक्त आत साठतं का?

साठत नाही. अंतरामुळे पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं, म्हणून बाहेर पडायला काही तयारच होत नाही. काहींना आधी मधूनमधून डाग लागतात, मग हळूहळू पाळी थांबते. इंजेक्शन बंद केल्यावर पाळी परत येते, दिवसही राहतात. मात्र शेवटच्या इंजेक्शनापासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. लगेच लेकरू हवं असणारीने हे आधी माहीत करून घ्यावं. बीपी फार वाढलेलं असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, किंवा रक्तस्राव कशाने होतोय तेच कळलेलं नसेल तर अंतरा देत नाहीत. म्हणून पहिलं इंजेक्शन डॉक्टरांनी तपासूनच.

मला वाटतं, बायका अंतरा मध्येच सोडतात त्याचं मोठं कारण औषध नाही, आमचं न बोलणं आहे. पाळी थांबणार हे आधी पाच मिनिटं बसून सांगितलं की बाई घाबरत नाही. न सांगता टोचलं की ती दुसऱ्या खेपेला येत नाही, आणि शेजारच्या चौघींनाही येऊ देत नाही.

छाया आणि माला-एन यांत फरक काय?

माला-एन रोज घ्यायची, हार्मोनची गोळी आहे. पाकिटात २१ गर्भनिरोधक आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने ती घेऊ नये. छायामध्ये हार्मोन नाहीत, पाजणाऱ्या आईला चालते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध आहे. छायाने पाळी थोडी लांबते, बाई घाबरते, तेवढंच. गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

मालकांनी ऑपरेशन केलं तर त्यांची ताकद जाते का?

जात नाही. ज्या नळ्या बांधतात त्यांतून फक्त शुक्राणू येतात. दाढी-मिशा, इच्छा, अंगातलं बळ ज्या हार्मोनमुळे असतं ते रक्तातून जातं, त्याला त्या नळीची गरज नाही.

बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. जागा बधिर करतात, एवढंसं छिद्र, टाका नाही, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, आठवड्याने जड काम. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. जोखीम कुणाची जास्त, हे सांगायला नको. एक गोष्ट मात्र पाळायची. नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी न केल्यामुळे नंतर दिवस गेले, आणि बोट बायकोवर उठलं, असं माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. आमचंच चुकलं होतं. तपासणीला बोलावायला हवं होतं, ते राहून गेलं.

पुरुषांची भीती कुठून आली तेही मला ठाऊक आहे. आणीबाणीत १९७५ ते ७७ या काळात देशात जबरदस्तीने नसबंद्या झाल्या. त्या गोष्टी अजून पारावर निघतात. जबरदस्ती वाईटच होती. पण तिचं भय धरून आज नातवाच्या पिढीने सगळा भार बाईच्या पोटावर टाकावा, हे मला पटत नाही.

ऑपरेशनला नवऱ्याची सही लागते का? वयाची अट?

सही लागत नाही. जिचं किंवा ज्याचं ऑपरेशन, त्याचीच संमती. बाईचं वय २२ ते ४९, लग्न झालेलं, आणि निदान एक लेकरू वर्षाच्या पुढचं असावं. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करता येतं, नाहीतर सहा आठवड्यांनी. आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जा, बुडालेल्या मजुरीपोटी थोडी रक्कम खात्यात येते.

ऑपरेशन करूनही दिवस गेले तर?

बाईच्या ऑपरेशनात पहिल्या वर्षी हजारात साधारण पाच जणींना असं होऊ शकतं. पाळी चुकली की लगेच या. सरकारची भरपाई योजना आहे, पण दिवस गेल्याचं कळल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि ऑपरेशनचं प्रमाणपत्र लागतं. तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा.

शिबिरं का बंद झाली? एका दिवसात कितीतरी जणींचं काम व्हायचं.

तेच तर कारण. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली, त्यानंतर १३ बायका दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हक्क कार्यकर्त्या देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. शाळेच्या खोलीत गाद्या टाकून रांगेने झोपवलेल्या बायका मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिल्या आहेत. ते दिवस परत नकोत. आता दवाखान्यात ठरलेल्या वारी होतं, तेच योग्य.

पिशवीच काढून टाकली की कटकट मिटली, नाही का?

नाही, आणि हे कृपा करून पुढे सांगा. गर्भपिशवी काढणं हा कुटुंबनियोजनाचा मार्ग नाही. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडमधल्या ऊसतोड बायकांची पाहणी आली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. पांढरं पाणी जातं, कंबर दुखते, पाळीत खाडा होतो, एवढ्यासाठी. "ठेवलीत तर कॅन्सर होईल" असं सांगून घाबरवलेल्या बायका माझ्याकडेही आल्या आहेत. तरुणपणी पिशवी, त्यातही अंडाशय काढलं की हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, थकवा जात नाही. पांढऱ्या पाण्यावर बहुतेक वेळा साध्या गोळ्या असतात, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर त्या नवऱ्यानेही घ्यायच्या असतात. कुणी काढायला सांगितलं तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे.

अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत ना?

तीन गोष्टी एकदम असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध (घुटी, पाणीसुद्धा नाही), आणि पाळी आलेली नाही. यातली एक जरी सुटली तरी भरवसा संपला.

सासूबाई म्हणतात, मुलगा होईस्तोवर काही करायचं नाही.

सासूबाईंशी मी वादाने कधी बोलले नाही. त्यांना विचारते, तुमची किती बाळंतपणं झाली, किती लेकरं जगली? बहुतेक वेळा तिथेच त्यांचा आवाज उतरतो. मग सांगते, थांबवायचं नाही, फक्त पाळणा लांबवायचा. सुनेच्या अंगात रक्त भरू द्या. एवढं त्या ऐकतात. पोटात काय आहे ते तपासणं हा गुन्हा आहे, १९९४ चा कायदा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली फक्त ८०७ होत्या. यापुढे मला काही बोलवत नाही.

दिवस गेलेत, पण नको आहेत.

गर्भपात कायद्याने करता येतो. १९७१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत काही ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं. बाई सज्ञान असेल तर नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरी हक्क आहे. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून घरी घेऊ नका. अर्धवट पडून रक्तस्रावाने पांढरीफटक पडलेली पोर रुग्णवाहिकेत घालायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

मुलीचं लग्न लवकर झालंय. आता काय?

लग्न ठरतंय एवढंच असेल तर १०९८ वर फोन करा, थांबवता येतं. झालेलं असेल तर निदान पहिलं बाळंतपण लांबवा. तिला "लहान आहे" म्हणून दारातून परत पाठवणं हा सगळ्यात मोठा अन्याय.

तिसरं अपत्य झालं तर सरपंचपद जातं का?

१२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, निवडून आलेलं पद जातं. पण मूल किती हवं हे पदासाठी नको, बाईच्या तब्येतीसाठी ठरवा.

आशाताई आमच्याच भावकीतली. गावभर होणार नाही ना?

ही भीती खरी आहे. आशाताईला गुप्तता पाळावीच लागते, बहुतेकजणी पाळतातही. तरी मन धजत नसेल तर थेट उपकेंद्रात नर्सबाईकडे या, नाहीतर बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावच्या केंद्रात जा. नोंद कुठेही होते. तांड्यावर आम्ही एक केलं होतं: लसीकरणाच्या खोलीला मागचं दार होतं, तिथे एक खुर्ची आणि पडदा. लेकराला लस द्यायला आली असं सगळ्यांना दिसायचं, आणि जाताना ती अंतरा घेऊन जायची. त्या पडद्याला खर्च आला होता एका जुन्या साडीचा.

गोळ्या संपलेल्या असतात, इंजेक्शन नसतं. गावाने काय करायचं?

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला थोडा अबंधित निधीही येतो. समितीच्या बैठकीत दोनच गोष्टी विचारा: उपकेंद्रात आज छायाच्या किती पट्ट्या शिल्लक आहेत, आणि अंतराच्या किती कुप्या? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नसतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीच्या पत्रावर कळवा. आमची मागणी नोंदवहीत पडून राहते. गावचं पत्र गेलं की माल येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि ऊसतोडीचं गाव असेल तर भाद्रपदात एक यादी करा: कोणत्या घरातली बाई जाणार, तिला काय हवंय, किती लागेल. पितृपाटात टोळ्यांची जुळवाजुळव चालू असते, मुकादम गावातच असतो, बायका घरी असतात. घटस्थापनेच्या आत प्रत्येकीच्या हातात तिचं तिचं पडलं पाहिजे, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजायच्या आधी.